चोवीसांपैकी नऊ बाटल्या

पाचवा प्रश्न सोडला, तर परदेशातल्या विद्यापीठाचा बाकीचा अर्ज धाकटीने आठवड्यापूर्वीच भरून ठेवला होता. गुणपत्रिका जोडल्या होत्या, शिफारसपत्रं देणाऱ्या तिघांची नावं कळवली होती, समुद्रविज्ञानात डॉक्टरेट करायची ती कोणत्या विषयात आणि का, याची दोन पानंही चारचारदा घासूनपुसून झाली होती. पाचवा प्रश्न असा होता: ‘आपल्या संशोधनकार्यात घडलेल्या एखाद्या चुकीविषयी आणि ती आपण कशी हाताळलीत याविषयी पाचशे शब्दांत लिहा.’ शनिवारी तिने मन घट्ट केलं आणि तेही लिहून टाकलं. शब्द मोजले, तर चारशे सत्त्याण्णव भरले. मुदत मंगळवारी संध्याकाळी पाच वाजेपर्यंत होती.

रविवारी सकाळी बाबा मटारच्या शेंगांची पिशवी आणि पातेलं घेऊन तिच्यासमोर टेबलाशी येऊन बसले.

“वाच बघू, काय लिहिलंयस ते.”

“बाबा, ते सगळं तिकडच्या भाषेत आहे.”

“मग वाचता वाचता आपल्या भाषेत सांग. काल केस कापताना न्हाव्याला म्हटलं, आमची धाकटी समुद्राची डॉक्टर होणार. तर तो विचारतो, माशांना इंजेक्शन नेमकं कुठे देतात हो? पुढच्या महिन्यात पुन्हा त्याच्याच खुर्चीत बसायचंय मला. काहीतरी उत्तर हवं ना हाताशी?”

“त्याला म्हणावं, आधी घरच्या भाजीतलं मीठ मोजायला शिकू दे,” आई आतून म्हणाली. “काल दोनदा घातलं हिने.”

थोरली बहीण रविवारची माहेरी आली होती. धाकटीच्या खुर्चीमागे उभी राहून ती ओले केस पुशीत होती. ती खुदकन हसली. धाकटीही हसली, पण हसताना तिचा हात पडद्यावरच्या मजकुराकडे असा गेला, जणू ताटावर झाकण ठेवायचं आहे.

वाचणं भाग होतं. बाबांना नाही म्हणायला कारण हवं, आणि खरं कारण सांगण्यासारखं नव्हतं. तिने सुरुवात केली. बोटीवरची पहिली सफर, वेगवेगळ्या खोलीवरून आणलेलं पाणी, काचेच्या चोवीस बाटल्या. बाबा शेंगा सोलायचं थांबवून ऐकत होते. मग ते वाक्य आलं. ते तिने स्वतः लिहिलं होतं, दोनदा सुधारलं होतं, आणि शनिवारी तिला ते बरंच सफाईदार वाटलं होतं. आता मात्र तिची जीभ चाचरली.

“नंतर लक्षात आलं, की... की एका जणाने बाटल्या नळाच्या पाण्याने धुतल्या होत्या.”

“एका जणाने कुठे?” थोरली वाकून म्हणाली. शाळेत मुलांचे निबंध तपासून तपासून तिची नजर अशी झाली होती, की गाळलेला शब्द तिला आधी दिसे. “‘प्रयोगशाळेतील एका अप्रशिक्षित कर्मचाऱ्याने निष्काळजीपणे’ असं आहे इथे. नीट वाच ना.”

आत नळ चालू होता तो बंद झाला. थोरलीच्या हातातला पंचा तिथल्या तिथे थांबला. वाक्य उच्चारून झाल्यावर तिला त्याचा अर्थ लागला होता.

बाबांनी एक शेंग उचलली, शिरेवर नख दिलं, दाणे पातेल्यात पाडले.

“बरोबरच आहे की,” ते म्हणाले. “मी कुठे शिकलोय?”

“बाबा, तसं नाही, ते लिहिण्याची एक पद्धत असते...”

“असणारच. तू लिहिलंयस ते विचार करूनच लिहिलं असशील. फक्त एक ओळ जास्तीची घाल, जमलं तर. त्या माणसाने नंतर पुन्हा कधी नळाचं पाणी वापरलं नाही म्हणावं. नाहीतर त्यांना वाटायचं, इथली प्रयोगशाळा अशीच आहे. मॅडमचं नाव खराब व्हायला नको.”

एवढं बोलून ते उरलेल्या शेंगा सोलत बसले. थोरली पंचा झटकून आत निघून गेली.

समुद्रअभ्यासाच्या त्या संस्थेत बाबा चोवीस वर्षं परिचर होते. सगळे त्यांना बाटलीकाका म्हणत. पाण्याचा खारेपणा मोजण्यासाठी जाड काचेच्या खास बाटल्या असतात. त्या त्यांच्या ताब्यात होत्या. कपाटाची चावी त्यांच्या जुडग्यात होती, आणि नियम त्यांच्या बोटांना पाठ होते. या बाटल्या नळाच्या पाण्याने धुवायच्या नाहीत. आधीच्या सफरीचं उरलेलं खारं पाणी त्यात तसंच राहू द्यायचं, म्हणजे काच आतून सुकत नाही आणि मिठाचे कण धरत नाहीत. नवं पाणी भरण्याआधी त्याच नव्या पाण्याने बाटली तीनदा खळबळून घ्यायची. एक, दोन, तीन, मगच भरायची. संस्थेत येणाऱ्या प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला हे बाटलीकाकांनीच शिकवलेलं असे, प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी नव्हे.

दोन वर्षांपूर्वी धाकटी तिथेच पदव्युत्तर प्रकल्पासाठी दाखल झाली आणि पहिल्यांदा बोटीवर जायला निघाली, तेव्हा या शिस्तीच्या माणसाकडून आयुष्यात एकदाच आगळीक झाली. कुठल्या तरी बाटलीला आत हिरवट झाक आल्यासारखी त्यांना वाटली. मुलगी पहिल्यांदाच जाणार. चारचौघांत तिच्या पुढ्यात कळकट बाटल्या नकोत. सकाळी लवकर येऊन त्यांनी चोवीसच्या चोवीस बाटल्या ब्रशने घासल्या, नळाच्या पाण्याने धुतल्या, पालथ्या घातल्या आणि गाडी आली म्हणून नीट निथळण्याआधीच झाकणं लावून पेटीत भरल्या. तळाशी प्रत्येकीत अर्धा चमचा गोडं पाणी राहिलं असेल. काच मात्र लखलखत होती.

आणि तरीही काही बिघडलं नसतं. नियमाप्रमाणे तीनदा खळबळलं असतं, तर ते अर्धा चमचा पाणी समुद्रात परत गेलं असतं. पहिल्या दोन ठिकाणी धाकटीने ते केलंही. तिसऱ्या ठिकाणी पोचेपर्यंत वारा वाढला होता. तिने दोनदा कठड्यावरून वाकून उलटी केली होती, आणि बोटीवरचा यंत्रचालक सारखा ओरडत होता, “आटपा ताई, आटपा, तार ओढून घ्यायचीय!” शेवटच्या नऊ बाटल्या तिने एकदाही न खळबळता भरल्या. खोलवरचं पाणी वर आणणाऱ्या नळकांड्याच्या तोटीखाली सरळ धरल्या, झाकणं लावली आणि पेटीला टेकून डोळे मिटले. नोंदवहीच्या रकान्यात मात्र हाताच्या सवयीने लिहिलं: तीनदा.

त्याच नऊ बाटल्यांनी तिला महिनाभर हवेत तरंगत ठेवलं. तिसऱ्या ठिकाणचं पाणी खोलवरही कमी खारं निघालं. समुद्राच्या पोटात गोड्या पाण्याचा थर! तिने आलेख काढले, सगळ्यांसमोर मांडणी केली. बाबा मागच्या भिंतीशी चहाचा ट्रे धरून उभे होते आणि ट्रे खाली ठेवायचं विसरले होते. आठवड्याभराने मॅडमनी तारेवरून सोडलेल्या यंत्राच्या नोंदी शेजारी ठेवल्या. त्यांत असा काही थर नव्हता. मॅडमनी दोघांनाही खोलीत बोलावलं आणि विचारलं, “बाटल्या कोणी तयार केल्या होत्या?”

“मी,” बाबा लगेच म्हणाले. “मी नळाखाली धुतल्या, मॅडम. माझ्याकडून झालं.”

एवढ्यावर चौकशी संपली. धाकटी शेजारी उभी होती. तोंड उघडायला दोन क्षण होते. ते तिने जाऊ दिले, आणि मग ते परत आले नाहीत. दुसऱ्या दिवशी कपाटाची चावी बाबांच्या जुडग्यातून निघून नव्या तंत्रज्ञ बाईंकडे गेली. बाटलीकाका हे नाव तेवढं राहिलं.

सोमवारी ती संस्थेत गेली ती मॅडमच्या शिफारसपत्राची चौकशी करायची, असं स्वतःला सांगत. पाय मात्र धुण्याच्या खोलीकडे वळले. बाबा तिथे एकटेच होते, हातात रबरी मोजे, समोर काचेच्या नळ्यांचा ढीग. खारेपणाच्या बाटल्यांचं कपाट त्यांच्या डाव्या हाताला होतं. ते त्याच्याकडे पाठ करून उभे राहत, हे तिने दोन वर्षं पाहिलं होतं आणि पाहिलं नसल्यासारखं केलं होतं.

“बाबा, तिसऱ्या ठिकाणी मी बाटल्या खळबळल्या नव्हत्या.”

पाणी वाहत होतं. त्यांनी मान वळवली नाही.

“किती वेळा?”

“एकदाही नाही.”

“वहीत तीनदा लिहिलंय.”

“लिहिलंय. खोटं आहे ते.”

त्यांनी तोटी बंद केली. मोजे काढले, एकात एक घालून कठड्यावर ठेवले. आता ते ओरडतील, असं तिला वाटलं. ते ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं.

“तरीच,” ते म्हणाले. “हिशेब जमत नव्हता.”

“कसला हिशेब?”

“मी धुतल्या चोवीस. बिघडल्या नऊ. माझ्या पाण्याने बिघडायच्या, तर चोवीसही बिघडायला हव्यात. मग म्हटलं, या नऊ जास्त ओल्या राहिल्या असतील. मग म्हटलं, राहू देत ओल्या; तीनदा खळबळल्यावर आत उरतंय काय? रात्र रात्र हाच भुंगा डोक्यात.” ते स्टुलावर बसले. “शेवटी करूनच पाहिलं. नव्या बाईंना म्हटलं, बाई, तुमच्या बिघडलेल्या सहा बाटल्या द्या मला, फेकायच्या असतील तर. प्रत्येकीत चमचाभर नळाचं पाणी घातलं. तिघी तीनदा खळबळल्या, तिघी तशाच भरल्या. चिठ्ठ्या लावल्या आणि बाईंना म्हटलं, जरा यंत्रावर लावून बघता का, गंमत म्हणून. खळबळलेल्या तिन्ही चोख निघाल्या.”

धाकटी भिंतीला टेकली. “मग तुम्हाला कळलं होतं.”

“नाही ना!” त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. “कसं कळणार? वहीत तीनदा लिहिलेलं होतं. तुझ्या हातचं. मी म्हटलं, एवढं शिकलेल्या पोरीने लिहिलंय ते खोटं कसं असेल. मीच कुठेतरी चुकत असणार. माझी बाटली चुकली, माझा चमचा चुकला. बाईंचं यंत्र चुकलं असंसुद्धा म्हटलं मी मनात. एवढं लाखाचं यंत्र चुकीचं ठरवलं, पण तुला नाही ठरवलं.”

त्या क्षणी धाकटीच्या मनात एक विचार आला, आणि त्याची लाज तिला नंतर सगळ्यात जास्त दिवस पुरली. तिला वाटलं: सहा बाटल्या, तीन अशा, तीन तशा, चिठ्ठ्या लावून, तपासणाऱ्याला न सांगता... पाचव्या प्रश्नाला याहून चांगलं उत्तर कुठलं? विचार आला तसा तो तिने पाहिला, आणि तिला स्वतःची शिसारी आली. बाबांचं इतकं सगळं घेतलं होतं. हे एवढं उरलं होतं, त्यालाही तिचा हात शिवशिवत होता.

“तेव्हाच माहीत होतं तुला?” बाबांनी विचारलं. “मॅडमच्या खोलीत?”

“हो.”

“चावी गेली तेव्हा?”

“हो.”

त्यांनी मोजे उचलले आणि पुन्हा हातांत चढवायला लागले. उजवा डाव्यात घातला, काढला, पुन्हा घातला.

“जा,” ते म्हणाले. “नळ्या राहिल्यात माझ्या.”

मॅडमच्या खोलीत तिने उभ्यानेच सगळं सांगितलं. मॅडम शांतपणे ऐकत होत्या. मधेच त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“माझं पत्र शुक्रवारीच गेलं,” त्या म्हणाल्या. “त्यात एक परिच्छेद आहे. स्वतःची निरीक्षणं चुकीची ठरल्यावर या मुलीने सचोटीने माघार घेतली, असा.”

“हो मॅडम.”

“तो मला मागे घ्यावा लागेल. आजच लिहीन त्यांना. बाकीचं पत्र राहील, कारण बाकीचं खरं आहे. तुझं काम चांगलं आहे. पण मधला परिच्छेद काढून घेतलेलं पत्र कसं वाचलं जातं, ते तुला सांगायला नको.”

“नको.”

“अर्ज करणार आहेस तरी?”

“करणार आहे.”

मॅडम जरा खालच्या आवाजात म्हणाल्या, “विचारायला मी हवं होतं. चोवीसांतल्या नऊच का, एवढा साधा प्रश्न. माझ्यासमोर एक बाटल्या धुणारा उभा होता आणि एक पाणी भरणारी. मी धुणाऱ्याला विचारलं आणि थांबले.” त्यांनी चष्मा चढवला. “काकांना बोलाव. आणि तू बाहेर थांब.”

दाराबाहेर तिला शब्द ऐकू आले नाहीत. बाबा बाहेर आले तेव्हा त्यांच्या एका हातात जुडगा होता आणि दुसऱ्यात कपाटाची सुटी चावी. जुडग्याची कडी इतकी कडक होती, की ती उघडायला त्यांचं नख शिरेना. धाकटीने नकळत हात पुढे केला.

“राहू दे,” ते म्हणाले, आणि तिथेच बाकावर बसून, कडीशी झटापट करून, त्यांनी ती चावी स्वतःच ओवली.

त्या संध्याकाळपासून घरात एक नवीन रीत सुरू झाली. बाबा धाकटीशी आईमार्फत बोलू लागले. “तिला विचार, जेवायचंय का.” “तिला सांग, दिव्याचं बटण चालू राहिलंय.” आई पहिल्यांदा चकित झाली, मग वैतागली. “तीन हातांवर बसलीय ती. मी काय टपालखातं आहे? सुट्टी तरी द्या!” कोणी हसलं नाही. थोरलीला फोनवर धाकटीने सगळं सांगितलं. ती म्हणाली, “मी रविवारी ते वाक्य मोठ्याने वाचायला नको होतं.” धाकटी म्हणाली, “तू वाचलंस म्हणून तर मी बोलले.”

मंगळवारी ती घरीच थांबली. जुने चारशे सत्त्याण्णव शब्द पुसले. नवं उत्तर लिहायला सकाळ गेली आणि दुपारही अर्धी गेली. शब्द जास्त झाले, की त्यांत कुठेतरी ती स्वतःच बरी दिसायला लागे. चूक कबूल करणारी, धीट, प्रांजळ मुलगी वाक्याआडून डोकं वर काढी; मग ते वाक्य काढून टाकावं लागे. शेवटी एकशे अकरा शब्द उरले. सहा बाटल्यांच्या प्रयोगाचा त्यांत उल्लेख नव्हता. तो बाबांचा होता.

चार वाजता बाबा कामावरून परतले. नेहमीपेक्षा तासभर लवकर. चपला काढल्या, हातपाय धुतले, टेबलाशी येऊन बसले. आई दारात उभी राहिली, काय निरोप पोचवायचा असेल तो घ्यायला.

“वाच,” बाबा म्हणाले. सरळ तिला.

तिने या वेळी काही गाळलं नाही. एक वाक्य तिकडच्या भाषेत वाचायची, मग तेच शब्दाला शब्द लावून आपल्या भाषेत सांगायची. ‘बाटल्या नीट निथळल्या नव्हत्या, पण नियम पाळला असता तर त्याने फरक पडला नसता. तिसऱ्या ठिकाणी मी काही बाटल्या न खळबळता भरल्या आणि नोंदवहीत खोटी नोंद केली. चूक उघड झाली तेव्हा बाटल्या धुणाऱ्या सहायकाने दोष स्वतःवर घेतला. ते माझे वडील आहेत. मी दोन वर्षं गप्प राहिले.’ शेवटची ओळही तिने पूर्ण वाचली.

बाबा टेबलावरच्या एका चरेवरून बोट फिरवत होते.

“‘काही’ कशाला?” ते म्हणाले.

“काय?”

“‘काही बाटल्या’ म्हणालीस. नऊ होत्या. मोजलेलं असताना काही म्हणू नये.”

तिने ‘काही’ खोडून ‘नऊ’ केलं.

“चोवीसांपैकी. तेही घाल. नाहीतर वाचणाऱ्याला कसं समजणार?”

तिने तेही घातलं. पडद्यावरचं अक्षर तिला धड दिसत नव्हतं. बाबा वाकून पाहत होते, म्हणून तिला डोळे पुसता येईनात. घड्याळात पाचला वीस मिनिटं कमी होती.

“घेतील का तुला?” त्यांनी विचारलं.

“बहुतेक नाही.”

त्यांनी मान हलवली. नाही म्हणून की समजलं म्हणून, ते तिला कळलं नाही. मग ते उठले, जुडगा खिशातून काढून खिळ्याला अडकवला आणि आत जाता जाता आईला म्हणाले, “तिला सांग, पाठवून टाक म्हणावं.”